ईटच्या पेरूबागेतल्या गाठी

माझी आई लोहाऱ्याच्या जीपमध्ये बसली की पहिल्या दहा मिनिटांत शेजारणीला माझी नोकरी सांगायची. एकदा मी तिच्या पलीकडंच बसले होते. आई म्हणाली, "माझी लेक धाराशिवला जंतू पाळती."

शेजारच्या बाईनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "चावत्यात का वो?"

"न्हाय. लई बारीक असत्यात. दिसत बी न्हाईत."

ह्यावर ती बाई जेवढं सरकता येईल तेवढं सरकली आणि उतरेपर्यंत माझ्याकडं बघून अंग चोरत राहिली. आईला मात्र अभिमान. आमच्या बौद्धवाड्यातून विज्ञानाची पदवी घेतलेली मी पहिली मुलगी. त्या पदवीचं लेकीनं नेमकं काय केलं, हे तिनं तिच्या पद्धतीनं समजून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरोबर समजून घेतलं होतं.

एका जैविक प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं हेच केलं. सकाळी जायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, पांढरा कोट चढवायचा आणि जिवाणूंना जेवायला घालायचं. त्यांच्या मागण्या फार नसतात. गुळाचं पाणी, थोडी प्रथिनं, ऊब, हवा. फक्त पंगतीला परकं कुणी बसलेलं नको. ही शेवटची अट मात्र जीव काढते. गुळाचं पाणी तासभर उघडं ठेवलं तर हवेतलं कुणीही येऊन त्यात घर करतं. म्हणून आधी ते पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणसाच्या छातीएवढा उंच कुकर. वाफेच्या दाबाखाली त्यात सगळं मरतं. मग थंड झालेल्या पाण्यात आपल्याला हवा तोच जिवाणू सोडायचा. दोन दिवसांत पाणी गढूळ झालं की समजायचं, मंडळी वाढली. ती शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून किंवा बाटलीत भरून शेतकऱ्याच्या हाती द्यायची.

आता हे कशासाठी, तर सूत्रकृमींसाठी. सूत्रकृमी म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे किडे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. सगळेच वाईट नसतात. पण त्यांच्यातली एक जात पिकाच्या कोवळ्या मुळात तोंडातली सुई खुपसून आत शिरते आणि तिथंच संसार मांडते. मुळाला गाठी येतात. गाठाळलेलं मूळ वर पाणी पाठवेनासं होतं आणि झाड ओल्या मातीत उभं राहून तहानलेलं दिसतं. शेतकरी बिचारा आणखी पाणी देतो. त्या पाण्याबरोबर किडे पुढच्या झाडाकडं जातात.

आमचे जिवाणू मुळाच्या सालीवर आधीच वस्ती करून बसतात. त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रव्यांनी किड्यांची कितीतरी अंडी फुटतच नाहीत, फुटलेल्या पिल्लांना मूळ सापडत नाही. शिवाय मातीत अडकून पडलेला स्फुरद सोडवून ते झाडाला देतात, नव्या पांढऱ्या मुळ्या फुटायला हातभार लावतात. पण विषारी औषधासारखा दुसऱ्या दिवशी निकाल दिसत नाही. "मॅडम, कधी फरक पडंल?" ह्या प्रश्नाला "पुढच्या हंगामात" असं उत्तर देऊन समोरच्याचा चेहरा बघणं, हा माझ्या कामाचा फार मोठा भाग होता.

मुळाला दिसणारी प्रत्येक गाठ वाईट नसते, हे सांगणं हा दुसरा भाग. येडशीकडचे एक गृहस्थ एकदा ओल्या पोत्यात सोयाबीनची उपटलेली झाडं घेऊन आले. भर टेबलावर ओतली आणि म्हणाले, "बघा, गाठीच गाठी! सकाळपासनं चार वळी उपटून टाकल्या, रोग पसरू नये म्हणून."

मी एक गाठ नखानं काढली. अलगद सुटली. चिरली तर आत गुलाबी.

"काका, ह्या रोगाच्या गाठी नाहीत. किड्याची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती अशी सुटून येत नाही. ह्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतलं नत्र झाडाला पुरवतात. फुकट खत."

त्यांनी स्वतः एक गाठ चिरून बघितली. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "म्हंजे सकाळपासनं म्या घरचीच मान्सं बाहेर काढली म्हणा की." आणि स्वतःच इतके हसले की बाहेर बसलेले लोक आत डोकावले.

पण मला सविस्तर सांगायची आहे ती ईटची हकिकत. निवृत्तीला चार वर्षं उरली होती तेव्हाची. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात चांगलं काम, दोन्ही त्याच एका गावात झालं.

ईट हे भूम तालुक्यातलं मोठं गाव. तिथले दिगंबरनाना एके दिवशी प्रयोगशाळेत आले. साठी ओलांडलेले, उंच, खर्जातला आवाज, पांढरं धोतर. त्यांनी पिशवीतून पेरूच्या झाडाचं मूळ काढून माझ्यासमोर धरलं. मूळ कसलं, आल्याचा गड्डा वाटावा इतकं गाठाळलेलं.

"तीन एकर पेरू हाय. चौथं वरीस. पानं लाल व्हऊन झाडं वाळायलीत," नाना म्हणाले. "मला इलाज नंतर सांगा. आधी एवढं लिहून द्या, की मुळाशी कायतरी टाकलंय."

"कुणी टाकलंय?"

"ते म्या बघतो. तुमी फकस्त लिहून द्या."

हळूहळू समजलं. नानांच्या बागेच्या खालच्या बाजूला सुनंदाबाईंचं शेत. वाळायला लागलेली झाडं सगळी त्या बांधाकडची. त्याआधी बांधावरून दोघांची बोलाचाली झाली होती. म्हणजे हे काम सुनंदाबाईंचंच, असं नानांनी ठरवूनही टाकलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं. सुनंदाबाईंची शेतात जायची वाट नानांच्या रानातून होती, ती त्यांनी बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली होती. आता त्यांना माझ्या सहीचा कागद हवा होता, तो घेऊन पोलीस ठाण्यात जायला.

मी म्हटलं, "नाना, मी मूळ बघून सही करत नाही. माती बघते. तुमच्या रानात येते."

दोन दिवसांनी गेले. बागेतून चार ठिकाणची माती आणि मुळ्या घेतल्या. घराच्या मागं चार वर्षांपूर्वी उरलेली पेरूची सहा रोपं अजून नर्सरीच्या काळ्या पिशव्यांत तशीच उभी होती, खुरटलेली. त्यातल्या दोन पिशव्यांतलीही माती घेतली. मग लांबून वळसा घालून बांधाच्या खाली गेले. नाना वरूनच बघत उभे.

सुनंदाबाई वांग्यात खुरपत होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. नवरा पुण्याला कंपनीत, शेती आणि सहा म्हशी त्या एकट्या बघायच्या. दूध गावातल्या खव्याच्या भट्टीला जायचं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"त्यांनी धाडलंय व्हय तुमाला? या, बघा. म्या काय टाकलंय ते हुडका. सापडलं तर मला बी दावा."

मी त्यांचं एक वांगं उपटायची परवानगी मागितली. दुपारच्या उन्हात माना टाकलेलं एक झाड त्यांनी स्वतःच उपटून दिलं. मुळाला तशाच गाठी.

"हे कसलं वो?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "म्या समजले, उन्हानं सुकायलंय. पानी वाढवलं."

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी माती पाण्याला लावली. चाळणीत पातळ कागद, त्यावर माती, खाली ताटलीत पाणी. जिवंत सूत्रकृमी वळवळत कागदातून खाली पाण्यात उतरतात. दोन दिवस नुसती वाट बघायची. तिसऱ्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काय घडलंय ते कळलं. बागेच्या मातीत किडे. वांग्याच्या मातीत किडे. आणि सगळ्यात जास्त किडे नानांच्या घरामागच्या त्या काळ्या पिशव्यांत. रोग नर्सरीतून रोपांबरोबर आला होता. नानांच्या बागेतून उताराच्या पाण्यानं तो खालच्या बांधाशी साठला, म्हणून तिकडची झाडं आधी गेली. आणि बांध ओलांडून तो सुनंदाबाईंच्या वांग्यात उतरला. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनाच आरोप करणाऱ्याकडून रोग मिळाला होता.

आता हे सांगायचं कसं? अहवाल टपालानं पाठवला असता तर नाना म्हणाले असते, ती बाई मॅडमला भेटली, मॅडमनं फिरवलं. म्हणून मी आमचा जुना, आरशावर उजेड घेणारा सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळला, चार छोट्या बाटल्या घेतल्या आणि ईटची एसटी धरली. सकाळी सगळं गाव एका ठिकाणी भेटतं ते दूध संकलन केंद्रावर. तिथल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. ठरवलं होतं, आधी नानांना बाजूला घेऊन खरं काय ते एकट्याला सांगायचं.

पण दुधाची किटली घेऊन आलेला माणूस थांबला, त्याच्या मागचा थांबला, आणि पाच मिनिटांत रांग लागली. एकेक जण वाकून बघायचा आणि ओरडायचा. "आयला, वळवळतंय की!" "डोकं कुठलं वो त्याचं?" एका म्हातारबाबांनी डोळा लावला, मग काच काढून नुसत्या डोळ्यांनी पाणी बघितलं, पुन्हा डोळा लावला, पुन्हा काच बघितली. "पान्यात न्हाय," ते ठामपणे म्हणाले, "ह्या यंत्रात हाय."

नाना आले. त्यांनी वाकून खूप वेळ बघितलं. तेवढ्यात मागून सुनंदाबाई किटली खाली ठेवून पुढं आल्या आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आत त्यांनी टेबलावरच्या बाटल्यांवरच्या माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या.

"वांगं, सुनंदाबाई. पेरू, वरचा बांध. पेरू, खालचा बांध. आन् ही चौथी... पिशवीतलं रोप, नाना." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यात बी हायत का?"

मला खोटं बोलता आलं नाही. "त्यातच जास्त आहेत," मी म्हटलं. "रोपांबरोबर आलेत. कुणी टाकलेले नाहीत."

नानांनी खांद्यावरचा पंचा नीट केला, अजिबात गरज नसताना, आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांची पाठ बघताना मला फार वाईट वाटलं. सांगितलं ते खरं होतं, पण चारचौघांत सांगितलं गेलं. चिठ्ठ्या झाकून ठेवायला मला एक रुमाल पुरला असता. ही गोष्ट मला अजून लागते.

दुपारी मी नानांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "समदी बाग काढावी लागंल का?"

"थोडी काढावी लागेल. बाकीची वाचवायचा प्रयत्न करू." मी उपाय सांगितला. वाळलेली झाडं मुळांसकट काढून तिथं झेंडू लावायचा; झेंडूच्या मुळांशी ह्या किड्यांचं जमत नाही. उरलेल्या झाडांना चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात निंबोळी पेंड आणि आमचे जिवाणू. ढीग सावलीत पंधरा दिवस ओला ठेवायचा, म्हणजे जिवाणू त्यात वाढतात. मग झाडाच्या आळ्यात घालायचं.

"शेणखत किती लागंल?"

मी आकडा सांगितला. नानांनी स्वतःच्या गोठ्याकडं बघितलं. त्यांच्याकडं एक बैलजोडी आणि एक गाय. एवढं जुनं शेणखत जवळपास एकाच ठिकाणी होतं, सुनंदाबाईंच्या शेतातल्या सहा म्हशींच्या गोठ्यामागं.

पुढचं मला सुनंदाबाईंनी नंतर सांगितलं. संध्याकाळी नाना त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. शेवटी म्हणाले, "सुनंदा, शेन पायजे व्हतं."

"लागंल तेवढं न्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "पर गाडी कुठनं आनताव? वाटंत बाभळी हायत."

नाना तसेच मागं फिरले, कोयता घेऊन गेले आणि दिवस मावळायच्या आत वाट मोकळी केली. काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले होते म्हणे. सुनंदाबाईंनी हळद लावायला दिली. माफी वगैरे कुणी मागितली नाही. त्या म्हणाल्या, "माफी मागून काय करायची वो, वाट झाली की."

दोघांच्या शेतासाठी मिळून एकच ढीग लागला, सुनंदाबाईंच्या गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली.

आणि इथं माझी चूक येते.

त्यांच्यासाठी आणि आणखी काही गावांसाठी मी सुडोमोनास नावाच्या जिवाणूची बॅच केली. हा मोठा देखणा प्राणी. जंतूंच्या ताटलीवर वाढला आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरला की पोपटी चमकतो. नव्या मुली कामाला लागल्या की मी त्यांना पहिल्या दिवशी हेच दाखवायची. त्या आठवड्यात मागणी खूप होती. ऑटोक्लेव्ह चालू असताना मध्येच वीज गेली, काही वेळानं आली. खरं तर सगळं पहिल्यापासून उकळायला हवं होतं. पण दाब फार उतरला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय प्रत्येक बॅचचा नमुना ताटलीवर वाढवून, दोन दिवस थांबून, मगच माल द्यायचा असा आमचा नियम. नमुना मी लावला, पण थांबले नाही. पाणी छान गढूळ दिसत होतं. बाटल्या भरल्या, गाडीनं पाठवून दिल्या.

तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत ताटली दिव्याखाली धरली. ती काळीच. दुसरी धरली. तीही काळी. उजेडात आणून बघितलं तर पांढरट, ओबडधोबड ठिपके, आणि वास ताडीसारखा. माझ्या जिवाणूंऐवजी हवेतलं साधं यीस्ट वाढलं होतं. तोवर मी शेकडो जणींना शिकवलं असेल, की गढूळ पाण्यावर विश्वास ठेवू नका.

आमच्या साहेबांना जाऊन सांगितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "त्या यीस्टनं पिकाचं नुकसान होईल का?"

"नाही."

"मग झालं तर. पुढची बॅच गेली की दुप्पट द्या. कुणाला कळणार आहे? मातीत काय चाललंय ते कुणाला दिसतंय?"

दुसऱ्या कुठल्या गावाच्या बाबतीत मी कदाचित गप्प बसलेही असते. आज तसं लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. ईटच्या बाबतीत मात्र मातीत काय चाललंय ते त्या लोकांना मीच दाखवलं होतं. मी बाकीच्या गावांना फोन करून बाटल्या वापरू नका म्हणून कळवलं आणि ईटला स्वतः गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. तांत्रिक अडचण, विजेचा खोळंबा, असं काय काय.

नाना आणि सुनंदाबाई दोघंही ढिगापाशी भेटले. ढिगावर ओली पोती नीट पांघरलेली. सुनंदाबाई रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होत्या, नाना पोती सारखी करत होते. ते बघितल्यावर मी सगळी वाक्यं विसरले.

"बाटल्यांत जिवाणू नव्हते," मी म्हटलं. "माझी चूक झाली. तपासायच्या आत पाठवल्या."

"मग काय व्हतं त्यात?" नानांनी विचारलं.

"आंबलेलं गुळाचं पाणी."

मग सुनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"म्हंजे नाना, चार दिस झालं आपुन शेनाला ताडी पाजायलोय!"

नाना हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते. त्यांच्याकडून काहीतरी लागणारं ऐकायची मी तयारी केली. पण ते म्हणाले, "हे तुमी फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. इथवर कशाला आलाव?"

"सांगायला," मी म्हटलं.

"बरं. आता नवीन आनाल तवा आमी कालवनार न्हाय. तुमीच कालवा. मंग आमचा इस्वास बसंल." एवढं बोलून त्यांनी लिंबाला टेकवलेलं खोरं माझ्या पुढं उभं केलं, जणू नवीन बाटल्या माझ्या पर्समध्येच होत्या.

पुढच्या खेपेला मी नियमाप्रमाणं दोन दिवस थांबले, ताटल्या बघितल्या, प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या बाईंनाही बघायला लावल्या. ह्या वेळी सुडोमोनासच्या जोडीला बॅसिलसही घेतला. बॅसिलस दिसायला साधा, चमकत वगैरे नाही, पण दिवस कठीण आले की स्वतःभोवती कवच करून झोपतो आणि ओल मिळाली की उठून कामाला लागतो. आपल्या भागात टिकणारा. आणि ईटला जाऊन मी खरंच पदर खोचून तो ढीग कालवला. पांढऱ्या कोटातली बोटं ती. दहा खोऱ्यांत फोड आला. नाना लिंबाखाली बसून सूचना करत होते. "तळातनं काढा, मॅडम. नुसतं वरवर नको." सुनंदाबाईंच्या म्हशी वळून वळून बघत होत्या. अर्ध्यावर नानांनाच राहवलं नाही. "द्या हिकडं," म्हणत त्यांनी खोरं काढून घेतलं आणि उरलेलं एकट्यानं कालवलं.

निकाल काय लागला ते सरळ सांगते. अर्धा एकर बाग काढावी लागली. तिथं झेंडू झाला आणि तो बराही विकला गेला. उरलेल्या बागेतली काही झाडं पहिल्या वर्षी काहीच बोलली नाहीत. दर सहा महिन्यांनी आम्ही ढीग लावत राहिलो. दीड वर्षानं मी आळ्यात खुरप्यानं उकरलं तर जुन्या गाठी होत्याच, पण त्यांच्या वरच्या बाजूनं पांढऱ्या, केसांसारख्या नव्या मुळ्या सुटल्या होत्या. मी गुडघ्यावर बसून नानांना बोलावलं. ते वाकले, मुळ्यांवर बोट फिरवलं आणि मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा हात क्षणभर मातीवर ठेवला. किडे संपले नव्हते. ते कधी संपत नाहीत. पण झाड आता त्यांना पुरून उरत होतं. त्या हिवाळ्यात नानांनी प्रयोगशाळेत पेरूची पेटी पाठवली. साहेबांनी दोन खाल्ले आणि तिसरा घरी नेला.

सुनंदाबाईंना मात्र ढिगाची गोडीच लागली. दर वेळी जिवाणू माझ्याकडून न्यायच्या, पण ढीग त्यांच्या हातचा. गावातले लोक आपापल्या शेणखतात मिसळायला त्यातलं थोडं मागायला लागले. त्या सहजासहजी द्यायच्या नाहीत. तुमचं शेणखत कच्चं आहे, हात घातला तर गरम लागतंय, म्हणून परत पाठवायच्या. रोपं आणणाऱ्याला विचारायच्या, पिशवी फोडून मूळ बघितलं होतं का? नव्यानं रुजू झालेल्या एका कृषी सहायक मुलीनं मला फोनवर तक्रार केली, "मॅडम, त्या माझीच परीक्षा घेतात." मी म्हटलं, दे परीक्षा.

मी निवृत्त झाले. धाराशिवला घराच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या. उन्हाळ्यात टोमॅटोची सहा रोपं लावली. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या मुळांत डोकं घातलं, आता स्वतःचे चार टोमॅटो खाऊ म्हटलं. जूनमध्ये झाडं दुपारी माना टाकायला लागली. मी पाणी वाढवलं. आठवडाभर वाढवत राहिले. मग एका सकाळी माझा हातच थबकला. एक झाड उपटलं. मुळाला गाठीच गाठी.

गच्चीवर एकटीच किती वेळ हसत होते कोण जाणे. माती रस्त्यावरच्या एका गाडीवाल्याकडून घेतली होती, काळी, भुसभुशीत, छान दिसली म्हणून.

दुसऱ्या दिवशी ईटची एसटी धरली. सुनंदाबाई गोठ्यात होत्या. मी पिशवीतून मूळ काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते उन्हात फिरवून बघितलं, नखानं एक गाठ दाबली, आणि चेहरा अगदी कोरा ठेवून विचारलं, "माती कुठली?"

"गाडीवाल्याकडची."

"तपासली व्हती?"

"नाही."

"पानी वाढवलं असंल."

"वाढवलं."

त्यांनी मूळ माझ्या हातात परत दिलं, आत गेल्या आणि ढिगातलं दोन किलो शेणखत पिशवीत भरून, तोंड सैल बांधून आणलं. "कुंड्यांतली ती माती फेकून द्या. लांब. दुसऱ्याच्या रानात नगं," त्या म्हणाल्या. "आन् हे सावलीत ठेवा. पिशवीला हवा लागू द्या. समजलं का?"

"समजलं," मी म्हटलं.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली आणि ऊन नेमकं माझ्याच बाजूला आलं. बॅसिलसला तेवढं ऊन काही करत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी येडशी मागं पडेपर्यंत मी मांडीवरच्या पिशवीवर पदर धरून बसले होते.